सासूबाई उजेडाकडे निघाल्या

तोंड उघडण्यापूर्वी मनात दहा आकडे मोजावेत असं म्हणतात. त्या दिवशी मी तीनपर्यंत मोजले आणि बोलून बसलो. बोललो तेही फार नाही. "साहेब, आमच्या अंगणात दिवसभर ऊन असतं," एवढंच.

ती तक्रार होती हो! त्या उन्हापायी आमच्या अंगणात गवताची काडी टिकत नाही, दुपारी चप्पल बाहेर राहिली तर पाय भाजतो. पण मीटिंगमध्ये कारकून काय म्हणून बोलला याला किंमत नसते. साहेबांनी ते काय म्हणून ऐकलं, याला असते.

"वा!" साहेब म्हणाले. "मग गाडी रविवारी तुमच्याकडे."

मी गाड्यांच्या एका डिझाइन सेंटरमध्ये नोंदणी कारकून आहे. म्हणजे इंजिनिअर लोक कागदावर गाड्या काढतात आणि कुठल्या कपाटातून कोणी किती स्क्रू काढले, ते मी वहीत लिहितो. (मला स्वतःला गाडी येत नाही. सायकल येते, पण उतार आला की मी खाली उतरून ती हाताने नेतो.) गेलं दीड वर्ष आमच्याकडे एक कन्सेप्ट कार तयार होत होती. कन्सेप्ट कार म्हणजे नुसती कल्पना नव्हे आणि धड गाडीही नव्हे. जगात एकच नग. तिच्यावर ओरखडा पडला तर तो ओरखडासुद्धा जगात एकमेव. आमची ही उन्हावर चालणारी होती. छतावर, बॉनेटवर, पाठीवर, जिथे म्हणून जागा मिळाली तिथे सोलरच्या काळ्या काचा. उन्हात उभी केली की तिचं पोट भरतं. दिसायला चपटी. एखाद्या चांगल्या गाडीवर कुणीतरी चुकून बसलं असावं, अशी.

आठ दिवसांनी ती मोठ्या प्रदर्शनात जायची होती. त्याआधी तिला एक अख्खा दिवस ऊन खाऊ घालून हिशोब तपासायचा होता, आणि वर्कशॉपच्या आवारात तर अकरा वाजताच शेजारच्या नव्या इमारतीची सावली पडते. म्हणून साहेबांनी विचारलं, आणि म्हणून मी बोललो.

रविवारी सकाळी साडेसात वाजता गाडी लॉरीवरून आली. सोबत आमचे चष्मेवाले इंजिनिअर. तीन रात्री जागून त्यांचे डोळे चष्म्याच्याही पुढे आले होते. त्यांनी गाडी अंगणाच्या मधोमध उभी केली, तिचं एक दार पंखासारखं वर उचललं आणि माझ्या हातात चार पानी सूचना ठेवल्या.

"हे दार असंच उघडं राहू द्या. आतली हवा मोजतोय. बाकी सगळं यात आहे, नीट वाचा. मी आता घरी जाऊन झोपतो. पाचला येतो."

"काही अडलं तर फोन करू ना?"

"करा की," ते म्हणाले आणि जाता जाता त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि भिडेपोटी काही बोललो नाही.

सूचनांच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात छापलं होतं, 'वाहनास हात लावू नये.' ते वाचून मला असा घाम फुटला की पुढे वाचण्याची हिंमत झाली नाही. ती पानं मी टेबलाच्या खणात सुरक्षित ठेवली आणि गाडीपासून दोन हातांवर स्टूल टाकून पहाऱ्याला बसलो. एक कावळा तारेवर येऊन बसला. तो गाडीकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. कावळा काय करू शकतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. साडेनऊपर्यंत मी दोन्ही हात वर करून "हुश्श, हुश्श" करत होतो. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं असेल, घरात कुणी ऐकत नाही म्हणून हा गाडीला व्यायाम शिकवतोय.

दहाच्या सुमारास सासूबाई बाहेर आल्या. त्या पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. गुडघ्यांनी त्या अधू आहेत, जिभेने नाहीत.

"जावईबापू, हे काय आणून ठेवलंत?"

"ऑफिसची गाडी आहे, आई. हात लावायचा नाही."

"मी कुठे हात लावतेय?" असं म्हणून त्या आत जाऊन बसल्या.

(खरं होतं. सूचनेत फक्त हाताचा उल्लेख होता.)

"आई! बाहेर या!" माझा आवाज चिरकला.

"जरा टेकू द्या हो. गुडघे बघा कसे..."

त्यांच्या पाठीमागची सीट हळूच मागे कलली, पायांखालून एक मऊ फळी वर आली, आणि तो वर उचललेला पंख सावकाश खाली येऊन 'खट्' असा बंद झाला.

मी धावलो. दाराला कडी नव्हती. मूठ नव्हती. बोट अडकवायला फटसुद्धा नव्हती. कन्सेप्ट कारला असल्या जुनाट गोष्टी नसतात म्हणे. काचेतून सासूबाई स्पष्ट दिसत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज अजिबात येत नव्हता. (एरवी या गोष्टीचा मला आनंद झाला असता. त्या क्षणी झाला नाही, याची नोंद घ्यावी.)

माझी आरोळी ऐकून ही बाहेर आली. 'ही' म्हणजे आमची सौभाग्यवती.

"काय झालं?"

"आई आत आहेत."

"घरात?"

"गाडीत!"

"मग दार उघडा."

"त्याला दारच नाहीये. म्हणजे दार आहे, उघडणं नाहीये."

हिने कपाळावर हात मारला. "आणि त्या सूचना?"

"सूचना टेबलाच्या खणात आहेत."

"वाचल्यात?"

"पहिली ओळ वाचली."

ही आत पळाली. मी इंजिनिअरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. पुन्हा बंद. वर ऊन चढत होतं. बंद काचा, काळं छत, सत्तरीची बाई. माझ्या डोळ्यांसमोर नको ती चित्रं यायला लागली. एकाएकी मला त्यांचं सगळं आठवलं. मी टायफॉइडने आजारी होतो तेव्हा याच बाई बारा दिवस माझ्या उशाशी बसल्या होत्या. बाराही दिवस बोलत होत्या हे खरं, पण बसल्या होत्या. आत त्या हात हलवून मला काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं, ऊन सहन होत नाही म्हणतायत.

मग मी माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगल्या हेतूची चूक केली. दोरीवर वाळत घातलेली डबल बेडची चादर ओढली आणि सावली व्हावी म्हणून गाडीच्या छतावर टाकली. आत सासूबाईंचे हात आणखी जोरात हलायला लागले. वाऱ्याने उडू नये म्हणून कपड्याची दोरीही सोडवली आणि गाडीच्या पोटाखालून घेऊन चादर चारी बाजूंनी आवळून बांधली. स्टोअरमध्ये वीस वर्षं गठ्ठे बांधतोय मी. माझी गाठ सुटत नाही, कापावी लागते.

शेवटची गाठ मारली आणि गाडीने 'हम्म्' असा आवाज केला. झोपेतून उठलेल्या माणसासारखा. आणि ती चालायला लागली.

फाटक उघडंच होतं. ते लावताना गाडीच्या नाकाला लागेल या भीतीने मी ते सकाळपासून लावलं नव्हतं. त्यातून गाडी सासूबाईंना घेऊन डौलात बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. वेग फार नव्हता. जेवण झाल्यावर पोटावर हात फिरवत माणूस शतपावली घालतो, तेवढा. पण थांबायचं नाव नव्हतं. मी मागून तिला मिठी मारून मागे ओढायला लागलो. माझ्या चपला रस्त्यावर घासत घासत पुढे चालल्या होत्या, आणि चपलांमध्ये मी.

नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. साहेब!

एका हाताने गाडी धरून दुसऱ्या हाताने मी फोन कानाला लावला.

"काय, गाडी कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

"चालतेय, साहेब."

"अं? चालतेय?"

"म्हणजे... चाललंय. ठीक चाललंय."

"उन्हात आहे ना?"

"उन्हातच आहे, साहेब. चांगली... मोकळ्या जागेत आहे."

"कुणी हात तर लावला नाही?"

सरळ सरळ खोटं माझ्याने बोलवेना. "अजून आतून कुणी तक्रार केलेली नाही, साहेब," असं काहीतरी मी बोललो.

"तुम्हाला धाप का लागलीय?"

"जबाबदारीची आहे, साहेब."

"शाब्बास!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमचा रस्ता कसा आहे ते सांगायला हवं. आमच्या घरापासून शंभर पावलं तो सपाट जातो, मग सलूनवाल्या काकांच्या दुकानापाशी उतार लागतो, आणि उताराच्या टोकाला तलाव आहे. तलावाला कठडा करायचं ठरून नऊ वर्षं झाली. त्या वेळी सूर्य तलावाच्या बाजूला होता आणि सगळं पाणी आरशासारखं चकाकत होतं.

सूचनांची पानं फडफडवत ही मागून धावत आली. धावता धावताच वाचत होती. "पान तीन! ऐका! 'वाहनावर सावली पडल्यास वाहन स्वतःहून जास्त उजेडाकडे सरकते आणि पूर्ण ऊन मिळाल्यावर थांबते. घाबरू नये.'"

"घाबरू नये हे त्यांनी पहिल्या पानावर लिहायला हवं होतं!"

"अहो, पण पूर्ण ऊन मिळणार कसं? तुम्ही सावली तिच्या पाठीवर बांधून दिलीय!"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (तेवढा एकच प्रकाश होता, जो गाडीच्या कामाचा नव्हता.) ती बिचारी सावलीपासून पळत होती आणि सावली तिच्या पाठीला गाठ मारून बांधलेली होती. आणि समोर काय होतं? साऱ्या मुलखातली सर्वांत लखलखीत जागा. तलाव.

"गाठ सोडा!" ही ओरडली.

"माझी गाठ सुटत नाही!"

पंचवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी अभिमानाने कितीदा म्हटलं असेल. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहिण्यासारखी नाही. आणि पुढच्या क्षणी ती सलूनच्या दिशेने पळत सुटली. मला वाटलं, मला टाकून गेली.

उतार लागला. गाडीचं नाक खाली झालं. मी पुढे जाऊन, चादरीबाहेर राहिलेल्या पुढच्या काचेवर थापा मारल्या, "आई, उतरा! उडी मारा!" असं हातवारे करून सांगितलं. सासूबाईंनी हसून मला हात हलवला. एखाद्या राणीने प्रजेला हलवावा तसा. त्यांना काही कळलेलंच नव्हतं. आणि खरं सांगतो, इतका वेळ मला नोकरीची भीती वाटत होती, साहेबांची वाटत होती, त्या एकमेव नगाची वाटत होती. त्या हसण्यानंतर त्या सगळ्या भीत्या गळून पडल्या आणि एकच उरली. त्या पाण्यात गेल्या तर?

मी गाडीवर चढलो.

कसा चढलो ते मला विचारू नका. स्टुलावर चढून बल्ब बदलायला मी शेजाऱ्यांना बोलावतो. पण चढलो खरा. दोन्ही हातांनी चादर धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढली. गाठ सुटली नाही. चादरच टरकन फाटली, अर्धी माझ्या हातात आली, अर्धी रस्त्यावर गेली, आणि तोल जाऊन मी छतावर पालथा पडलो.

चादर गेली! छत मोकळं झालं! आता गाडी थांबणार!

थांबली नाही. कारण चादरीच्या जागी आता मी होतो.

"उतरा!" मागून हिचा आवाज आला. "तुमचीच सावली पडतेय!"

खाली उतरायचं म्हणजे फक्त सरकायचं होतं. चालत्या माणसाच्या वेगाने जाणारी गाडी, खाली मातीचा रस्ता. पोरंसोरं उतरली असती. पण माझ्या हातापायांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. बोटं काचेला चिकटली, गुडघे आखडले, डोळे समोरच्या पाण्यावर खिळले. श्वासही घेत होतो की नाही, शंका आहे. माझ्या बरोबर खाली, काळ्या काचांमधल्या फटीतून सासूबाई वर बघत होत्या. आमची नजरानजर झाली. त्यांनी मान हलवली आणि ओठांच्या हालचालीवरून 'काय हे जावईबापू' असं काहीतरी म्हणाल्या असाव्यात.

तलाव वीस पावलांवर आला. मला पाण्यावरची शेवाळाची कडही दिसायला लागली. पंधरा पावलं. दहा.

आणि अचानक माझ्या पाठीमागून दुसरा सूर्य उगवला.

मी कशीबशी मान वळवली. उतारावर ही आणि सलूनवाले काका उभे होते, आणि दोघांनी दोन टोकांनी सलूनचा भिंतीवरचा मोठा आरसा पेलला होता. तलावावरचं ऊन त्या आरशात घेऊन ही ते गाडीच्या शेपटीवर फेकत होती. त्यांच्या शेजारी एक गृहस्थ, अर्ध्या गालावर फेस, गळ्यात पांढरं कापड, हातात मानेमागचे केस दाखवायचा छोटा आरसा. तेही आपल्या परीने कवडसा पाडत होते. (बराचसा माझ्या डोळ्यांत.)

गाडी थांबली. विचारात पडल्यासारखी 'हम्म्' करत एक क्षण उभी राहिली. पुढे तलाव, मागे आमची सौभाग्यवती. कोण जास्त लखलखीत? मग ती हळूच मागे मागे सरकायला लागली.

"काका, पाऊल मागे! सावकाश!" ही आज्ञा देत होती. "हं, थोडा खाली धरा! अहो दाढीवाले, तुम्ही डावीकडून!"

हिरवा पाला दाखवून शेळीला घरी न्यावं तशी ती गाडी, तो अख्खा चढ आणि पुढची शंभर पावलं, माझ्या बायकोने उजेड दाखवत घरी आणली. मी सगळा वेळ छतावर होतो. खिडक्यांतून, गच्च्यांवरून लोक बघत होते. कुणीतरी विचारलंसुद्धा, "ते वर काय बांधलंय?"

अंगणात गाडी आली तेव्हा हिने आणि काकांनी मिळून मला छतावरून सोलून काढलं. छतावर पूर्ण ऊन पडलं, आणि ती गुणी गाडी जागच्या जागी शांत झाली.

"आता दार!" मी म्हणालो. "आतमध्ये आई भाजून..."

तेवढ्यात पंख आपोआप वर उचलला गेला आणि आतून अशी गार हवेची झुळूक आली की अंगावर काटा उभा राहिला. सासूबाई पाय पसरून पदर सारखा करत होत्या.

"आई, तुम्ही ठीक आहात ना?" ही रडवेली झाली होती.

"मला काय धाड भरलीय? आत एक बाई बोलते. फार गोड बोलते. केव्हाची विचारतेय, दार उघडू का म्हणून. मी म्हटलं कशाला? बाहेर काय ऊन आहे! आत्ता घर आलं, तेव्हा उघड म्हटलं."

मी स्टुलावर बसलो. म्हणजे बसायला गेलो. स्टूल तिथे नव्हतं.

"मी चादर टाकली तेव्हा तुम्ही मला हात हलवून सांगत होतात ना काहीतरी?" मी जमिनीवरून विचारलं.

"चादर टाकू नका, बाहेरचं दिसत नाही, असं सांगत होते." मग त्या जरा थांबल्या. हिच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, पण मला ऐकू आलं. "घाबरट आहे गं. पण मला टाकून पळाला नाही."

मी पळू शकत नव्हतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पाच वाजता इंजिनिअर झोप काढून आले. मी सगळं कबूल केलं. चादर, दोरी, उतार, तलाव, सगळं. ते गाडीभोवती तीन वेळा फिरले, छतावरच्या काचा बोटाने वाजवून पाहिल्या, मग गाडीच्या मेंदूतली नोंद आपल्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली आणि गाडी लॉरीवर चढवून घेऊन गेले. ती रात्र कशी गेली ते विचारू नका. राजीनाम्याचे चार मसुदे केले. चारही मसुद्यांत मी आधी माफी मागत होतो आणि मग पुन्हा माफी मागत होतो.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. मी मसुदा खिशात घेऊन गेलो. आत इंजिनिअर बसले होते आणि दोघेही हसत होते.

"बसा," साहेब म्हणाले. "आपल्या मंडळींची छतावर वजन ठेवून बघायची छातीच होत नव्हती. काच फुटली तर काय, म्हणून. तुमच्यामुळे ती चाचणी झाली. एक तडा नाही! रिपोर्टमध्ये घेतलीय आम्ही."

माझ्या जिवात जीव आला. वीस वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी रिपोर्टमध्ये गेलं होतं. मी मसुदा खिशात आणखी खोल ढकलला. "माझं नाव आहे त्यात?" मी लाजत विचारलं.

"नाव कसं असेल? गाडीनेच आपोआप केलेली नोंद आहे ती." इंजिनिअरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तीन प्रती काढा आणि नेहमीसारखी खाली तुमची सही करा."

मी वाचलं. 'छतावर भार, अंदाजे ७८ किलो.' (माझं वजन चौऱ्याहत्तर आहे. वरचे चार किलो भीतीचे असावेत.) 'कालावधी एकवीस मिनिटे. भाराची कोणतीही हालचाल आढळली नाही. वस्तूचा प्रकार: निर्जीव.'

मी तिन्ही प्रती काढल्या. आणि तिन्हींच्या खाली, आमच्या खात्याच्या पद्धतीप्रमाणे, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.'